धान्याची सरळ रेषा

आमच्या वस्तीवर आजवर बारा अभ्यास झाले आहेत आणि एक संडास. तोही नवव्या अभ्यासाच्या बाईंना उघड्यावर जाववेना म्हणून बांधला गेला. बाई गेल्या, संडास राहिला, आणि त्यात आता शेजारचे लोक लाकडं ठेवतात. आमच्या दगडांचा अभ्यास झाला, मेंढ्यांचा झाला, बायकांच्या कंबरदुखीचा तर दोनदा झाला. कंबर अजून दुखतेच. वर येणारा प्रत्येक विद्वान पहिल्या दिवशी धापा टाकत सांगतो की इथली हवा किती शुद्ध आहे, आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून जीपमध्ये आडवा होतो. बारावा अभ्यास सरांचा. त्यात मी होते, म्हणून तेवढ्याचंच सांगते.

मी वस्तीतली पहिली पदवीधर. खाली विद्यापीठात सरांच्या हाताखाली माझं संशोधन चालू होतं, दोन वर्षं झाली होती, आणि पोटापाण्यासाठी मी त्यांच्याच प्रकल्पात सहायक होते. सहायक म्हणजे दुभाषी, हमाल, चहावाली आणि नोंदवह्या भरणारी. प्रकल्पाच्या नावात अन्न, पर्यावरण, विकास, उंच प्रदेश आणि आणखी चारपाच शब्द होते. ते फाइलच्या पाठीवर मावेनात, म्हणून विभागातल्या शिपायाने त्यावर नुसतं 'डोंगरावरचं जेवण' असं लिहून टाकलं होतं. सगळ्या विभागात कामाचं काय आहे ते कळणारा तो एकच माणूस.

सर उंच, गोरे, बोलायला गोड. कुणाशीही बोलताना मान थोडी कलती करत, त्यामुळे समोरच्याला वाटायचं की आपण काहीतरी मोलाचं सांगतोय. लोकांचा आवाज ऐकला पाहिजे, असं ते दर दहा वाक्यांनी म्हणत. ऐकताना मात्र त्यांचं लक्ष काट्यावर असे. त्यांच्याकडे एक टांगायचा वजनकाटा होता, आणि जे दिसेल ते ते त्याला टांगत. भांडं, भांड्यातलं अन्न, उरलेलं अन्न, पीठ, सरपण, एकदा तर एका काकूंचं तान्हं बाळसुद्धा. दुसऱ्याच दिवशी वस्तीने त्यांचं नाव 'तराजू' ठेवलं. सरांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा मी 'न्यायी माणूस' असं सांगितलं. ते इतके खूश झाले की मला वाईटही वाटलं नाही.

आमच्या अन्नाचा अभ्यास करायला आलेला हा माणूस स्वतःसाठी तीन खोकी भरून डबाबंद जेवण घेऊन आला होता. घरोघरी जे पुढे येई ते आधी टांगलं जाई, मग सर त्यातले दोन चमचे चवीपुरते घेत, वहीत काहीतरी लिहीत आणि ताट माझ्याकडे आणि ड्रायव्हरकडे सरकवत. एका दिवसात सात घरं. सातवं ताट संपवताना ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी येई, कारण पाहुण्याने ताटात टाकलं तर घरच्या बाईला लागेल हे त्या बिचाऱ्याला कळत होतं.

आता आमच्याकडचा हिशेब समजून घ्या. थंडीत चार महिने रस्ता बर्फाखाली असतो. त्याआधी सरकारी ट्रक येतो, वळणाजवळच्या दगडी खोलीत धान्याचं दुकान भरतं, आणि त्यावर वस्ती थंडी काढते. बर्फ वितळेपर्यंत दुकान संपतं, घरातलंही संपतं, आणि नवं पीक हाती यायला अजून तीन महिने असतात. त्या तीन महिन्यांत आमच्याकडे कोठाराचं झाकण फारसं कुणी उघडत नाही. पातळ पेज, बटाटे, रानातला पाला, असं चालतं. सरांनी नेमका तोच काळ निवडला होता, कारण सर्वात वाईट काळात लोक काय खातात ते त्यांना बघायचं होतं. कल्पना चांगली होती. फक्त एक गोष्ट त्यांनी धरली नव्हती, की पाहुणा दारात असताना रिकामं कोठार उघडायचं, ही गोष्ट आमच्या एकेचाळीस घरांतल्या एकाही बाईच्या हातून होणार नाही.

सगळ्यात खालचं घर माझ्या आत्याचं, रस्त्याला लागून. ती विधवा, काटकसरी, आणि पेरणीसाठी बियाणं राखून ठेवणारी वस्तीतली एकटीच. तिच्या कोठारात एक पोतं होतं, त्याला खालच्या कोपऱ्यात निळं ठिगळ. सरांनी काटा टांगला, पोतं भरलं अठ्ठेचाळीस किलो. हे बियाणं आहे, खायचं नाही, हे मी सांगितलं. सर म्हणाले की धान्य ते धान्य. आत्याने त्यातलं वाटीभर काढून आमच्यासाठी शिजवलं, सरांनी दोन चमचे खाल्ले, आम्ही पुढे निघालो.

दुसऱ्या घरात कोठार उघडलं, तर आत निळ्या ठिगळाचं पोतं.

ते ठिगळ माझ्या शाळेच्या झग्याचं होतं. आत्यानेच तो फाडून लावलं होतं, मी शेजारी बसून रडले होते, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्या घरच्या काकूंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बघत काय उभी राहिलीस? पाहुण्यांना बसायला दे," त्या म्हणाल्या. मी मुकाट्याने सतरंजी अंथरली.

तिसऱ्या घरापर्यंत सगळा बेत माझ्या लक्षात आला. वजन झालं की सर अंगणात जाऊन मनगटावरच्या यंत्रात उंची बघत, ती वहीत लिहीत, मग दरीचा फोटो काढत. तेवढ्यात दोन बायका पोतं मागच्या दाराने काढून, शाल पांघरून, मागच्या पायवाटेने वरच्या घरी नेत. पहिल्या दिवशी त्यांची दमछाक होत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी खांद्यावर घ्यायला गादी शिवली. पाचव्या दिवशी पोतं आमच्याआधी घरात पोचून, वर झाकण ठेवून, जन्मापासून तिथेच असल्यासारखं बसलेलं असे. सहा दिवस हे चाललं आणि सरांना पत्ता नाही. त्यांनी त्या पोत्याकडे कधी पाहिलंच नाही, ते आकड्याकडे पाहत होते.

मी का बोलले नाही? मला लाज वाटली, सरळ आहे. आणि लाजेच्या जोडीला थोडा गर्वही होता. परक्या माणसापुढे आमच्या घरांची अब्रू राहत होती, ती मी का घालवायची? तरी एका दुपारी मी सरांना विचारलं होतं की या आकड्यांवरून वर कुणी काही ठरवणार आहे का. छे, हे निव्वळ ज्ञानासाठी, असं ते म्हणाले. मी ते घरोघरी सांगितलं आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

एकेचाळिसावं घर आमचं, सगळ्यात वरचं. आईने कोठार उघडलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता, कारण शेवटचा चढ तिने स्वतः पोतं ओढलं होतं. काट्यावर बत्तीस आले. प्रत्येक घराने पाहुण्यांसाठी एक वाटी काढली होती ना. आईने पोत्याकडे एक नाराज नजर टाकली. "यंदा आमच्याकडे जरा कमीच आहे, असं सांग त्यांना," ती मला म्हणाली. मी सांगितलं. सरांनी मान कलती करून ते लिहून घेतलं.

खाली आल्यावर सरांनी आकडे मांडले आणि त्यांना साक्षात्कार झाला. सगळ्यात खालच्या घरी अठ्ठेचाळीस किलो, सगळ्यात वरच्या घरी बत्तीस, आणि मधली सगळी घरं एका सरळ रेषेत. जसजशी उंची वाढते तसतसा धान्याचा साठा एकसारखा कमी होतो! चर्चासत्रात त्यांनी ती रेषा पडद्यावर दाखवली तेव्हा सभागृह स्तब्ध झालं. विभागप्रमुख उठून म्हणाले की इतकी सरळ रेषा त्यांनी तीस वर्षांत पाहिली नाही. टाळ्या झाल्या. कुणीतरी त्या रेषेला सरांचं नाव द्यावं अशी सूचना केली आणि सरांनी ती दोनदा नाकारून तिसऱ्यांदा स्वीकारली. मग त्यांनी फोटो दाखवले. एकेचाळीस घरं, एकेचाळीस कोठारं, एकेचाळीस वेळा माझा निळा झगा. दोनशे विद्वान बसले होते त्या खोलीत, एकाच्याही डोळ्याला तो टोचला नाही.

जेवणाच्या सुटीत एका बाईंनी मला गाठलं. त्यांच्या हातातल्या ताटात पाच प्रकारच्या कोशिंबिरी होत्या. आमच्याकडचे लोक 'भूक' या संकल्पनेकडे कसे पाहतात, असं त्यांनी विचारलं. साधारण सकाळी अकराच्या सुमारास, मी म्हणाले. त्यांनी ते टिपून घेतलं.

अहवाल छापून झाला, चांगल्या कागदावर, मुखपृष्ठावर आत्या. सरासरी काढली तर दर घरी चाळीस किलो, तेही वर्षातल्या सर्वात टंचाईच्या महिन्यात. त्यावर सरांनी लिहिलं होतं की हा समाज विलक्षण काटक आणि स्वयंपूर्ण आहे आणि बाहेरच्या मदतीने त्याची ही शक्ती खच्ची होण्याचा धोका आहे. असं लिहायला त्यांना काही लागत नाही, शब्द तयार असतात. त्या अहवालाची एक प्रत पुरवठा खात्यात गेली. तिथल्या लोकांना ट्रक कमीच पडत होते, त्यांना आयतं कोलीत मिळालं. ट्रक सुटायला वीस दिवस असताना हुकूम निघाला की आमच्या वस्तीचं धान्य दुकान यंदापासून बंद.

आत्याने वळणावरच्या दुकानातून फोन केला. ती रडत नव्हती, चिडली होती.

"तुझ्या त्या तराजूला विचार, आमच्याकडे धान्य त्याने पाहिलं कुठे?"

"आत्या, तुझ्या घरी पाहिलं. मग शेजारी. मग त्याच्या वर."

"ते होतं," ती म्हणाली, "पण त्यावर थंडी निघते का?"

मी सरांच्या खोलीत गेले. त्या खोलीत एक मोठी खिडकी आहे आणि भिंतीवर आमच्या डोंगराचा फोटो, त्यात एकही माणूस नाही. पोतं एकच होतं, ते घरोघरी फिरलं, हे मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सर हसले. प्रेमाने हसले, लहान मूल चंद्र मागतं तेव्हा हसतात तसे. मग त्यांनी मला समजावलं की खोट्या माहितीतून कधी सरळ रेषा येत नाही. खोटं नेहमी वेडंवाकडं असतं.

"सर, प्रत्येक घराने एकच वाटी काढली," मी म्हणाले. "चारशे ग्रॅमची. आपल्याला जेवायला. म्हणून सरळ आहे."

त्यांनी पेन्सिल घेतली. चाळीस वाट्या, चारशे ग्रॅम, सोळा किलो. अठ्ठेचाळिसातून सोळा गेले, बत्तीस. पेन्सिल तिथेच थांबली. त्यांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"एकेचाळीस घरांना."

दुकानाचं काय होईल हे त्यांनी विचारलं नाही. रेषा आता तीन ठिकाणी छापायला गेली आहे, असं म्हणाले. मग थोड्या वेळाने मान कलती करून म्हणाले की हा निर्णय लोकांचा आहे, लोकांनीच आपला आवाज उठवायला हवा.

पुरवठा खात्यातला अधिकारी निदान स्पष्ट बोलणारा होता. त्याला सर्दी झाली होती, टेबलावर रुमालांचा ढीग. हुकूम कागदावर निघाला आहे, तो कागदानेच मागे घेता येईल, असं तो म्हणाला. एक तर एकेचाळीस घरांनी लिहून द्यावं की त्या महिन्यात आमच्याकडे धान्य नव्हतं, नाहीतर पाहणी करणाऱ्यांनी लिहून द्यावं की आकडे चुकले. महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर ट्रक दुसऱ्या खोऱ्यात जातील आणि मग त्याच्या बापालाही ते परत आणता येणार नाहीत.

मी एकेचाळीस कोरे अर्ज घेऊन वर गेले. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. लोकांचं पोट आहे, सही करायला कितीसा वेळ लागतो?

आत्याच्या वरच्या पहिल्याच घरात मला कळलं की त्यांचं पोतं त्यांचंच होतं. वरच्या घरांनी कुणाकुणाचं आणलं असेल, त्यांना विचार. वरच्या घरांनी खालच्या घरांकडे बोट दाखवलं. मधल्या एका काकांनी तर मला आवाज खाली करायला सांगून, शेजारच्यांकडे खरंच दाणा नव्हता हो, त्यांची सही जरूर घे, असा सल्ला दिला. शेजाऱ्यांनी त्यांच्याबद्दल तोच सल्ला दिला. ज्यांनी खांद्यावर पोतं वाहिलं, गादी शिवली, त्या बायकाही डोळ्याला डोळा देऊन सांगत होत्या की आमच्या कोठारात आमचंच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एका पोत्याला एकेचाळीस मालक झाले होते.

जे जरा समजूतदार होते त्यांची वेगळी तऱ्हा. चाळीस सह्या घेऊन ये, एकेचाळिसावी माझी. असं म्हणणारी घरं मी मोजली, चौदा निघाली. चौदा जणांना एकेचाळिसावं व्हायचं होतं, पहिलं कुणालाच नाही. मला सरांचा जितका राग आला नव्हता तितका त्या दिवशी माझ्या माणसांचा आला. सर निदान दुसऱ्याच्या उपासावर मोठे होत होते. हे स्वतःच्याच उपासावर मिजास करत होते. थंडी तोंडावर आली आहे, पोरं खोकताहेत, आणि यांना काय, तर शेजारणीने हसायला नको!

मी आत्याकडे गेले. पोतं तिचं होतं, खरं सांगायचा हक्क असला तर तिलाच. ती चुलीपाशी बसली होती. तिचं सोळा किलो बियाणं त्या सहा दिवसांत शिजून गेलं होतं, त्यामुळे यंदा तिचं वरचं शेत पडीक राहिलं, हे मला तेव्हा कळलं. मी तिला म्हटलं, एक तुझी सही मिळाली तरी अधिकारी ऐकेल.

"मी माझ्या तोंडाने चाळीस घरं उघडी पाडू?" ती म्हणाली. "आणि बर्फ पडल्यावर मला काही झालं, तर दार कुणाचं वाजवू?"

मी तिच्यापुढचा अर्ज उचलला आणि उठले.

शेवटी आमचं घर. आईने अर्ज हातात घेतला, वाचता येत नसताना बराच वेळ पाहिला आणि परत दिला. आपलं घर शेवटचं, सहीही शेवटचीच बरी दिसते, असं ती म्हणाली. ती आत गेल्यावर मी कोठाराचं झाकण उघडून पाहिलं. यंदाचं पीक येऊनही तळाला दोन वितीच होतं, आणि ते थंडीच्या आधीच संपणार हे कुणी वजन न करताही सांगितलं असतं. मी एकेचाळीस कोरे अर्ज तसेच पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरले.

सरांनी तोवर विचार करून ठेवला होता. त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं, ते त्यांना हवं तेव्हा आणता येतं. नोंदवह्या तुझ्या हातच्या आहेत, ते म्हणाले. मी प्रमुख या नात्याने लिहून देणं म्हणजे सगळ्या अभ्यासावर बोळा फिरवणं. पण एखाद्या सहायकाकडून नोंदीत चूक होऊ शकते. माणूस आहे.

मला ते आधीच दिसत होतं. पायऱ्या चढतानाच दिसत होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि कागद मागितला. त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. 'सदर वस्तीत धान्याचं एकच पोतं असताना, मी ते अनवधानाने प्रत्येक घराच्या नावे नोंदवलं.' लिहिता लिहिता मला हसू फुटलं. त्या सबंध प्रकल्पात लिहिलं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं, आणि खोटा होता तो एकच शब्द, 'अनवधानाने'. सरांना माझं हसू आवडलं नाही. त्यांनी मला एक ओळ वाढवायला लावली, 'वारंवार सूचना देऊनही'. मी तीही वाढवली. सही केली, तारीख घातली.

अधिकाऱ्याने कागद वाचला, नाक पुसलं, शिक्का मारला. ट्रकची यादी बदलली. माझं काम त्याच आठवड्यात सुटलं आणि संशोधनही, कारण हिशेब न जमणाऱ्या मुलीला हाताखाली ठेवणं सरांना शक्य नव्हतं. त्यांनी रेषा मोठ्या मनाने मागे घेतली. 'क्षेत्रकार्यातील मानवी चूक' या विषयावर त्यांनी पुढच्याच महिन्यात व्याख्यान दिलं, त्यांच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक झालं, आणि सहायकांना कसं शिकवावं यावर त्यांना नवा प्रकल्प मिळाला. हे मला शिपायाने कळवलं. फाइलच्या पाठीवर काय लिहायचं, असंही त्याने विचारलं होतं.

मी ट्रकच्याच केबिनमध्ये बसून वर आले, पायाशी माझी ट्रंक. वळणावर सगळी वस्ती जमली होती. दुकानदाराने नियमाप्रमाणे हुकूम मोठ्याने वाचला. पाहणीत सहायकाकडून नोंदीची चूक झाल्याने दुकान बंद करण्यात आलं होतं, ती चूक मान्य करण्यात आल्याने ते पुन्हा सुरू करण्यात येत आहे. सहायकाचं नाव, गाव, सगळं.

मी त्यांच्या तोंडांकडे पाहत होते. आधी सगळ्यांनी श्वास सोडला. मग एकमेकांकडे न बघता सगळे माझ्याकडे बघू लागले. तरीच, कुणीतरी म्हणालं. तरीच म्हटलं, आपल्या कोठारांवरून दुकान कसं जाईल. गादी शिवणाऱ्या काकू पुढे आल्या आणि बरं झालं वेळेवर कबूल केलंस, असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. एवढं शिकून साधी बेरीज येईना, असं रांगेतलं कुणीतरी म्हणालं, कुणीतरी हसलं. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. माफ केलेल्या माणसाला हसतात तसं ते होतं. आत्या रांगेत खाली मान घालून उभी होती. तिने आपलं धान्य घेतलं आणि माझ्याकडे न बघता गेली. तिला सगळं माहीत होतं, म्हणून ती बघू शकली नाही. बाकीचे सगळे बघत होते.

आई आणि मी आमचं धान्य दोन फेऱ्यांत वर नेलं. दुपारची उन्हं होती. घरात आल्यावर आईने दार लावलं. मी धान्य कोठारात ओतलं, ती हाताने सारखं करत होती. मी वाट पाहत होते. आता इथे कुणी नव्हतं. शेजारीण नाही, पाहुणा नाही, दुकानदार नाही. मागच्या दाराने ते पोतं हिनेच ओढून आत घेतलं होतं, मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने एक शब्द बोलावा, हळू आवाजात का होईना, मग माझं गेलं ते गेलं, मला त्याचं काही वाटणार नव्हतं.

आईने हात झटकले, माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात घेतला.

"लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. तू मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "पण बाळा, लिहायच्या आधी एकदा मोजून बघायचंस ना गं. बाकीच्यांचं जाऊ दे. आपल्या घरात बत्तीस किलो होतं, ते तरी तुझ्यासमोर होतं."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती.

"हो आई," मी म्हणाले. "आपलं होतं."